फॉलोअर वाढले, पण जुनी घराणी दुकानात परतत नाहीत: साखळीच्या एका व्यावसायिकाच्या प्रश्नाला उत्तर

साखळी बाजारात घरगुती उपकरणांचे दुकान चालवणाऱ्या एका तरुण व्यावसायिकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांनी उभे केलेले दुकान गेली तीन वर्षे ते स्वतः सांभाळतात. इन्स्टाग्रामवर त्यांचे ११ हजार फॉलोअर झाले आहेत. रील आणि जाहिरातींसाठी पणजीच्या एका मुलीला ते दरमहा १२ हजार रुपये देतात आणि चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी व्हॉट्सॲपवर सर्वांना ऑफर पाठवतात. तरीही होंडा, केरी, पाळी या भागांतील जी घराणी वडिलांच्या काळात दुसऱ्या दुकानाची पायरी चढत नसत, ती आता ऑनलाइन कंपन्यांकडून माल मागवू लागली आहेत. एवढे करूनही ग्राहक का टिकत नाही, तो टिकवण्यासाठी डिजिटल सेवा आणि समाजमाध्यमे नेमकी कशी वापरावीत, आणि त्या मुलीचे काम चालू ठेवावे की थांबवावे, असे ते विचारतात.

मी २००३ पासून फोंड्यात याच धंद्यात आहे. पहिली बारा वर्षे सर्व्हिसच्या टेबलावर तक्रारवही सांभाळण्यात गेली, आणि आता लहान दुकानांना विक्रीनंतरच्या सेवेची घडी बसवून देण्याचे काम करतो. त्या अनुभवावरून माझे मत आधीच सांगून टाकतो. घरात आणलेली वस्तू बिघडल्यानंतरच्या दोन दिवसांत दुकान आपल्याशी कसे वागले, हे ग्राहक वर्षानुवर्षे विसरत नाही, आणि पुढची खरेदी कोठे करायची हे त्याच दोन दिवसांत ठरते. व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम आणि गुगलच्या नकाशावरील तुमच्या दुकानाची नोंद ही सगळी साधने त्या दोन दिवसांत ग्राहकाच्या उपयोगी पडत असतील, तर त्यांवर खर्च करावा. तुमचा आजवरचा जवळजवळ सगळा खर्च मात्र त्या दोन दिवसांच्या बाहेर झालेला आहे, असे तुमच्या प्रश्नावरून दिसते.

आधी एक साधी तपासणी करा. इन्स्टाग्रामच्या व्यावसायिक खात्यात तुमचे फॉलोअर कोणत्या शहरांतील आहेत, याची माहिती मिळते. मी पाहिलेल्या गोव्यातील बऱ्याच दुकानांच्या खात्यांत पुणे, मुंबई, बेंगळुरू ही नावे वर असतात, कारण समुद्रकिनारा आणि पाऊस दाखवणारी रील गोव्याबाहेरचे लोकच अधिक पाहतात. साखळीहून फ्रिज नेणारे गिऱ्हाईक मात्र फार तर वीस किलोमीटरच्या आतले असते. अकरा हजारांपैकी डिचोली आणि सत्तरी तालुक्यांतील माणसे तीनशे असली, तर तुमचे खरे श्रोते तीनशेच आहेत आणि त्यांच्यासाठीच लिहायचे व दाखवायचे आहे. ही संख्या लहान दिसली म्हणून वाईट वाटून घेऊ नका. तीनशे घरांच्या विश्वासावर साखळीसारख्या गावातले दुकान उत्तम चालते.

दुसरी गोष्ट किमतीची. मोठ्या ऑनलाइन कंपन्यांशी किमतीत बरोबरी करण्याचा नाद सोडा, आणि पॉइंट जमवण्याच्या कार्डाचाही. १९८१ साली अमेरिकन एअरलाइन्सने प्रवासाच्या मैलांवर बक्षीस देणारी योजना सुरू केली आणि तिचे अनुकरण जगभर झाले; पण ती चालते ती वारंवार होणाऱ्या खरेदीत. फ्रिज घरात दहा-बारा वर्षे राहतो. त्याच्यावर मिळालेले पॉइंट कोण कशासाठी जपून ठेवील? त्या दहा-बारा वर्षांत मात्र त्याच घराला तुमची आठवण होण्याचे प्रसंग कितीतरी येतात: मिक्सरच्या जारचा कपलर झिजतो, इन्व्हर्टरच्या बॅटरीतील पाणी आटते, वॉटर प्युरिफायरची कॅन्डल बदलायची होते, कळंगुटला बहिणीच्या घरी एसीच्या बाहेरच्या युनिटची कॉइल खाऱ्या हवेने खाल्लेली असते. यातली बहुतेक कामे दोनशे-तीनशे रुपयांची असतात आणि म्हणूनच दुकानदार ती टाळतात. ऑनलाइन कंपनीला मात्र ही कामे साधत नाहीत, आणि तुमची जागा नेमकी तिथेच आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो, तो म्हणजे दुकानाची स्मरणशक्ती. तुमच्या वडिलांना केरीच्या कोणत्या घरात कोणता फ्रिज आहे, तो कोणत्या चवथीला नेला, त्या घरच्या वहिनींचे माहेर कोठले, हे तोंडपाठ असणार. त्यांच्या काळचा ग्राहक टिकला याचे मोठे कारण हेच, की दारात पाऊल ठेवताच त्याला ओळख द्यावी लागत नसे. तुम्ही दुकान हाती घेतले तेव्हा माल, भाडेकरार आणि उधारीची वही तुमच्याकडे आली, पण ही माहिती वडिलांच्या डोक्यातच राहिली. डिजिटल सेवा म्हणजे सर्वप्रथम ही माहिती कागदावर किंवा संगणकावर उतरवणे. वडिलांना आठवड्यातून दोन दुपारी शेजारी बसवा आणि एकेका घराची नोंद करून घ्या. महागड्या सॉफ्टवेअरची गरज नाही, साधे एक्सेलचे पान पुरते. त्यात वस्तूचे मॉडेल, सिरियल नंबर, खरेदीची तारीख आणि वॉरंटी कधी संपते हे तर हवेच. पण ती वस्तू घरात कोण वापरते, पैसे कोणी दिले, फोन कोणाला करायचा, घर कोणत्या देवळाजवळ किंवा कोणत्या वळणावर आहे, आणि पूर्वी कोणती तक्रार आली होती, हेही हवे. एकच गोष्ट ग्राहकाला दोनदा सांगावी लागू नये, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप आहे.

ही नोंद दुकानाच्या मालकीची असली पाहिजे, हे मी फार महागात शिकलो. मी ज्या दुकानात काम करत होतो तिथे सर्व्हिसचे सगळे निरोप एका मुलाच्या स्वतःच्या फोनवर येत असत. तो मुलगा कामाला चोख होता आणि ग्राहक त्यालाच ओळखत. पुढे त्याला आखातात नोकरी लागली, तो गेला, आणि त्याच्याबरोबर चार वर्षांचे संभाषण, फोटो, कबूल केलेल्या तारखा असे सगळे गेले. बांदोड्याच्या एका बाईंनी वॉशिंग मशीनच्या ड्रमची तीच तक्रार आम्हा तिघांना तीन वेगवेगळ्या दिवशी सांगितली. तिसऱ्या वेळी त्या शांतपणे म्हणाल्या, “तुम्ही आधी आपसांत बोलून घ्या.” त्या पुन्हा दुकानात आल्या नाहीत, आणि चूक सर्वस्वी आमची होती.

यावरचा उपाय आज फुकट उपलब्ध आहे. व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲप २०१८ साली आले. ते दुकानाच्या नावावर घेतलेल्या वेगळ्या क्रमांकावर चालवा. मूळ फोनखेरीज आणखी चार उपकरणे त्याला जोडता येतात, त्यामुळे काउंटरवरचा संगणक, तुमचा फोन आणि मेकॅनिकचा फोन यांवर एकच संभाषण दिसते. त्यात प्रत्येक संभाषणाला लेबल लावता येते. आम्ही ‘भेट ठरली’, ‘सुटा भाग मागवला’, ‘काम झाले, विचारपूस बाकी’ आणि ‘नाराज’ अशी चारच लेबले ठेवली होती. रोज संध्याकाळी दुकान बंद करण्यापूर्वी ‘नाराज’ आणि ‘सुटा भाग मागवला’ ही दोन लेबले उघडून प्रत्येकाला एका ओळीचा निरोप जाई. भाग अजून आला नसला तरी निरोप जाई. ‘भाग आज आला नाही, गुरुवारी पुन्हा कळवतो’ एवढे समजले की माणूस थांबायला तयार असतो. त्याला राग येतो तो स्वतःहून विचारावे लागते याचा.

गोव्यात आणखी एक गोष्ट आहे, जी बाहेरच्या सल्लागारांच्या लक्षात येत नाही. इथे पैसे देणारा आणि वस्तू वापरणारा यांच्यामध्ये पुष्कळदा समुद्र असतो. मुलगा जहाजावर, दोहाला किंवा इंग्लंडमध्ये, आई-वडील गावात. मुलगा व्हॉट्सॲपवर मॉडेल निवडतो, पैसे पाठवतो, आणि वस्तू जाते सत्तरीतल्या एका घरात, जिथे वापरणाऱ्या माऊलीला त्या वस्तूवरचे एकही इंग्रजी बटण वाचता येत नाही. अशा विक्रीत तुमचे ग्राहक दोन असतात आणि दोघांची काळजी वेगळी असते.

केरीच्या एका घरी आम्ही असाच एक फ्रॉस्ट-फ्री फ्रिज पोहोचवला होता. मुलगा जहाजावर होता आणि बंदर आले की तेवढे काही तास त्याला नेट मिळे. चौथ्या दिवशी त्याचा निरोप आला, की आई म्हणते फ्रिज रात्री फुटतो आहे, बदलून द्या. आमच्या नोंदीत आईचा फोन नव्हता, कारण बिल मुलाच्या नावावर होते. पण डिलिव्हरीला गेलेल्या मेकॅनिकने शेजारच्या दुकानाचा क्रमांक लिहून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी तो संध्याकाळी मुद्दाम उशिरा गेला. आईंनी चहा केला. तो स्वयंपाकघरात स्टुलावर बसून राहिला, आणि तासाभराने आतून ‘टक्’ असा आवाज आला तेव्हा त्याने दार उघडून दाखवले, की मागचा बर्फ वितळवण्यासाठी यंत्र थोडे तापते आणि पुन्हा गार होते, तेव्हा आतले प्लास्टिक ताणते-आखडते आणि आवाज होतो; फुटलेले काही नाही. “म्हणजे घराच्या पत्र्यासारखे,” आई म्हणाल्या. उन्हाने तापलेला पत्रा संध्याकाळी वाजतो, हे त्यांना आमच्यापेक्षा चांगले ठाऊक होते. मेकॅनिकने त्यांच्याच आवाजात अर्ध्या मिनिटाचा निरोप मुलाला पाठवला. त्या घरात पुढे वॉशिंग मशीन आमच्याकडून गेले, इन्व्हर्टर गेला, आणि मुलीच्या लग्नातला फ्रिजही गेला. त्या भेटीतून आम्हाला एक रुपयाही मिळाला नव्हता. त्या दिवसापासून दूर असलेल्या मुलाला वस्तू बसवल्याचा फोटो आणि बिल, आणि घरातल्या माणसाला आठ दिवसांनी फोन, असा आमचा नेम झाला. तुमच्या भागात अशी घरे भरपूर आहेत, तेव्हा हा नेम तुम्ही उद्यापासूनच सुरू करा.

भाषेकडेही लक्ष द्या. तुमच्याकडे येणारे निरोप मराठीत येतील, इंग्रजीत येतील, देवनागरी कोंकणीत आणि त्याहून अधिक रोमी लिपीतल्या, म्हणजे इंग्रजी अक्षरांत लिहिलेल्या, कोंकणीत येतील, आणि वयस्कर माणसांकडून तर बोलकेच, म्हणजे आवाजात नोंदवलेले, येतील. ज्या भाषेत आणि ज्या लिपीत निरोप आला, त्याच भाषेत उत्तर जावे. ‘मिक्सर चलना’ (मिक्सर चालत नाही) असे कोंकणीत लिहिणाऱ्याला इंग्रजी परिच्छेद पाठवला, की त्याला आपण परक्या दारात उभे असल्यासारखे वाटते. बोलक्या निरोपाला बोलूनच उत्तर द्यावे, मात्र ठरलेली तारीख आणि रक्कम खाली एका ओळीत लिहून टाकावी, म्हणजे पुढे वाद होत नाही. आपोआप उत्तर देणारी यंत्रणा लहान दुकानाने शक्यतो टाळावी, असे माझे मत आहे. दुकान बंद असतानाचा निरोप तेवढा ठेवावा, आणि तोही खरा असावा. दुपारी एक ते साडेतीन दुकान बंद असते, हे गोव्यात कोणाला खटकत नाही. पण ‘आम्ही लगेच संपर्क साधू’ असे लिहून चार तास गप्प राहिलेले नक्कीच खटकते.

उत्तर किती वेळात जावे? ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० अनुसार ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि एका महिन्यात तिचे निवारण करायचे असते. ही कायद्याने घातलेली किमान मर्यादा झाली. गावातल्या दुकानाला ती पुरत नाही. मिक्सर बंद पडला की त्या दिवशीच्या हुमणाचे, म्हणजे माशांच्या आमटीचे, वाटप (वाटण) अडते. नारळ किसून ठेवलेला असतो. माझा दंडक असा, की दुकान उघडे असताना पोच पंधरा मिनिटांत जावी आणि मेकॅनिक कधी येईल हे त्याच दिवशी सांगावे. येण्याचा दिवस चार दिवसांनंतरचा असला तरी चालेल, पण दिलेला दिवस पाळलाच पाहिजे. मी ‘उद्या येतो’ म्हणून तीन उद्या घालवणारी दुकाने बंद पडताना पाहिली आहेत, आणि ‘शुक्रवारी येतो’ म्हणून शुक्रवारी जाणारी टिकलेली पाहिली आहेत.

आता ऑफरच्या निरोपांविषयी. २०१९ च्या चवथीपूर्वी मीच उत्साहाने आमच्या सर्व ग्राहकांना मिक्सरवरील सवलतीचा निरोप पाठवला होता. दहा मिनिटांत कुंडईच्या एका बाईंचे उत्तर आले: ‘आधी माझा मिक्सर द्या, मग ऑफर पाठवा.’ त्यांचा मिक्सर नऊ दिवस आमच्याकडे दुरुस्तीला पडून होता. त्या दिवसापासून एक नियम केला, की ज्याची तक्रार उघडी आहे त्याला विक्रीचा एकही निरोप जाणार नाही. हा नियम पाळायला लेबले उपयोगी पडतात.

व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत एका वेळी २५६ जणच बसतात, आणि ज्यांनी तुमचा क्रमांक आपल्या फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच तो निरोप पोहोचतो. पुष्कळ दुकानदारांना ही अडचण वाटते. मला तो चांगला लगाम वाटतो. ग्राहकाने क्रमांक साठवावा यासाठी त्याला कारण द्यावे लागते, आणि उत्तम कारण म्हणजे बिल व वॉरंटी कार्डाचा फोटो विक्रीच्या क्षणीच त्याच क्रमांकावरून पाठवणे. कार्ड कपाटात हरवते, फोनमधले सापडते. त्या वेळी समोरच क्रमांक साठवून द्या. व्हॉट्सॲपचा अधिकृत बिझनेस प्लॅटफॉर्म घेऊन हजारो निरोप पाठवण्याचा मोह काही विक्रेते तुम्हाला दाखवतील. तिथे ग्राहकाच्या शेवटच्या निरोपानंतर २४ तासांपर्यंतच मोकळेपणाने उत्तर देता येते आणि त्यापुढे आधी मंजूर करून घेतलेल्या मसुद्यातलाच निरोप पाठवावा लागतो. तुमच्या आकाराच्या दुकानाला त्याची आज गरज नाही.

निरोप पाठवायचा तो वस्तूप्रमाणे आणि ऋतूप्रमाणे. मे महिन्याच्या मध्यावर फक्त इन्व्हर्टर नेलेल्या घरांना बॅटरीतले पाणी तपासण्याची आठवण करा, कारण जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस आला की वीज जाऊ लागते आणि तेव्हा सगळे एकदमच फोन करतात. फेब्रुवारीत एसीवाल्यांना जाळी धुण्याची आठवण द्या. चवथीच्या तीन आठवडे आधी जुने मिक्सर असलेल्यांना लिहा, की जार व ब्लेड आणून दाखवा, सणाच्या आदल्या दिवशी धावपळ नको. वॉरंटी संपण्याच्या एक महिना आधी ‘काही बारीकसारीक तक्रार असेल तर आत्ताच सांगा, कंपनीकडून फुकट करून घेऊ’ असा निरोप पाठवा. हा शेवटचा निरोप पाठवणारी दुकाने फार थोडी आहेत. त्याने काम वाढते हे खरे, पण ज्याला तो मिळतो तो माणूस दुकान बदलत नाही, असे मी वीस वर्षे पाहत आलो आहे.

समाजमाध्यमांवर काय दाखवावे, याचे उत्तर तुमच्या तक्रारवहीतच आहे. कोणती तक्रार वारंवार येते ते मोजा आणि तिच्यावर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ करा. आमच्याकडे ‘मिक्सर पूर्ण बंद पडला’ अशा तक्रारींतील कितीतरी मिक्सर बिघडलेलेच नसत. जड वाटप घातले की मोटरवर ताण येतो आणि संरक्षणाचा स्विच आपोआप उडतो. बहुतेक मॉडेलांत तळाशी एक लहान, सहसा लाल रंगाचे बटण असते. प्लग काढून, मिक्सर काही मिनिटे गार होऊ देऊन ते दाबले की काम झाले. आमच्या मेकॅनिकने हे कोंकणीत सांगणारा व्हिडिओ केला, त्यात त्याचा चेहराही नव्हता, नुसता हात आणि उलटा धरलेला मिक्सर होता. तो व्हिडिओ घराघरांत फिरला, आणि आमची भेटीचे पैसे आकारण्याची संधी गेली म्हणून मालक आधी कुरकुरले. पुढे लोक दुकानात येऊन ‘त्या बटणवाल्याला बोलवा’ म्हणू लागले, तेव्हा त्यांची खात्री पटली. डिचोली आणि सत्तरीत विहिरीच्या पाण्यातला तांबूस गाळ वॉशिंग मशीनच्या नळीच्या तोंडावरची जाळी भरून टाकतो आणि यंत्रात पाणी येत नाही. ती जाळी कशी काढून ब्रशने धुवावी, हा तुमचा पहिला विषय होऊ शकतो.

पोस्टखाली आलेल्या तक्रारीला उत्तर देताना वाद घालू नका आणि ती पुसूनही टाकू नका. काय झाले ते मान्य करा, कधी काय करणार ते लिहा, आणि काम झाल्यावर तिथेच ‘आज मेकॅनिक जाऊन आला, मशीन सुरू आहे’ एवढी ओळ टाका. ती ओळ तक्रार करणाऱ्यापेक्षा वाचणाऱ्या इतरांना अधिक धीर देते. फोन क्रमांक, पत्ता, बिलाची रक्कम असे काहीही उघड लिहू नये. गुगलवरील अभिप्रायांसाठी सवलत किंवा भेटवस्तू देणे गुगलच्या नियमांत बसत नाही, आणि फक्त खूश असलेल्यांनाच अभिप्राय मागणेही बसत नाही. काम पूर्ण झालेल्या प्रत्येकाला दुवा पाठवा आणि दोन तारे आले तरी ते स्वीकारा.

डिलिव्हरीचे फोटो टाकण्याची जी पद्धत पडली आहे, तिच्याबद्दल मला खरोखरच चिंता वाटते. नवा टीव्ही, मागे घराची ओसरी, खाली गावाचे नाव, आणि मुले परदेशात असल्याचा उल्लेख, हे सगळे एका पोस्टमध्ये टाकणे म्हणजे एकट्या राहणाऱ्या वृद्धांचा पत्ता चारचौघांत सांगणे आहे. लेखी परवानगीशिवाय ग्राहकाच्या घराचा फोटो टाकू नका. दिली तरी गावाचे नाव गाळा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा पाया संमती हाच आहे. माहिती कशासाठी घेतो ते सांगावे, त्याच कामासाठी वापरावी, आणि ग्राहकाने नको म्हटले की थांबावे. संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांत मिळण्याची सोयही त्या कायद्यात आहे, आणि मराठी व कोंकणी दोन्ही त्या अनुसूचीत आहेत. बिलाच्या तळाशी दोन्ही भाषांत एक वाक्य छापून घ्या.

मोजमाप फार नको. फ्रेडरिक रायकहेल्ड यांनी २००३ मध्ये मांडलेली पद्धत तुमच्या कानावर आली असेल: ‘आमची शिफारस कराल का’ या प्रश्नाला शून्य ते दहा गुण घ्यायचे, नऊ-दहा देणाऱ्यांच्या टक्केवारीतून शून्य ते सहा देणाऱ्यांची टक्केवारी वजा करायची. महिन्याला तीस उत्तरे येणाऱ्या दुकानात तो आकडा दोन माणसांनी वर-खाली होतो, म्हणून त्याच्या मागे लागू नका; ‘असे गुण का दिले’ याचे उत्तर मात्र वाचा. त्याऐवजी तीन गोष्टी वहीत लिहा. एकाच तक्रारीसाठी मेकॅनिकला दुसऱ्यांदा किती घरी जावे लागले, दोन वर्षांपूर्वीच्या ग्राहकांपैकी किती जण नंतर कोणत्याही कामासाठी पुन्हा आले, आणि नव्या ग्राहकाला आपले नाव कोणी सांगितले. तिसरा प्रश्न बिल करतानाच विचारावा. उत्तरात घराचे नाव आले की त्या घरी आभाराचा फोन जावा.

ज्यांनी माल ऑनलाइन घेतला आणि आता दुरुस्तीसाठी संकोचत तुमच्या दारात उभे आहेत, त्यांना ‘जिथून घेतले तिथे जा’ असे कृपा करून म्हणू नका. वॉरंटी असेल तर कंपनीकडे तक्रार कशी नोंदवायची ते त्यांच्या फोनवर करून द्या, नसेल तर योग्य दर सांगून दुरुस्त करा, आणि त्यांची वस्तू आपल्याच वहीत लिहून घ्या. वडिलांची जी घराणी गेली असे तुम्हाला वाटते, त्यांतली बरीच याच वाटेने परत येतील.

राहिला प्रश्न पणजीच्या त्या मुलीचा. तिला काढू नका, पण तिचे काम बदला. महिन्याला बारा रील करण्याऐवजी चारच करायला सांगा, आणि आठवड्यातला एक दिवस तिला मेकॅनिकबरोबर गाडीवर पाठवा, म्हणजे कोणत्या घरात काय अडते ते ती स्वतः पाहील. पहिल्या दोन महिन्यांत तिने वडिलांबरोबर बसून जुन्या घरांची नोंद पूर्ण करावी. संध्याकाळचे ‘नाराज’ लेबल तिने उघडावे, पण उत्तर तुम्ही स्वतः लिहावे, निदान येत्या चवथीपर्यंत तरी.